दाढ काढली तरी ठुसठुस तिथेच! "नसेचं दुखणं" म्हणजे नक्की काय?

शेवंती (नाशिक)

नमस्कार मंडळी. आरोग्य विभागात पहिल्यांदाच लिहितेय. लांबण लागलंय, सांभाळून घ्या.

वय ४९. गेल्या वर्षी गणपतीच्या आधी वरची डावीकडची शेवटून दुसरी दाढ ठणकायला लागली. थंड पाणी लागलं की डोळ्यांत पाणी, रात्री झोप नाही. कीड खोलवर गेली होती म्हणून रूट कॅनाल केलं. तो ठणका गेला, अगदी खरं सांगते, गेला. पण आठ-दहा दिवसांनी त्याच जागी दुसरंच काहीतरी सुरू झालं. ठणका नाही, ठुसठुस. बोटात कुसळ राहिलंय, दिसत नाही आणि निघतही नाही, तसं. सकाळी डोळे उघडल्यावर दहा-पंधरा मिनिटं काही नसतं. मी हळूच जीभ फिरवून बघते, वाटतं आज सुटले. चहा उकळेपर्यंत पाहुणा हजर.

मग कॅप काढून पुन्हा रूट कॅनाल. तरी तेच. दिवाळीनंतर दाढच काढली. आता तिथे हिरडी मस्त गुलाबी भरून आलीय आणि दुखतंय मात्र तिथेच. नसलेली दाढ दुखते म्हटलं की घरात सगळे एकमेकांकडे बघतात. हल्ली तर ते शेजारच्या दाढेत सरकल्यासारखं वाटतं. ती पण काढून टाका असं मीच एका डॉक्टरांना म्हणाले. ते "नको" म्हणाले, तेव्हा राग आला होता.

दोनदा एक्सरे, एकदा ओपीजी (पूर्ण जबड्याचा एक्सरे), एकदा सीबीसीटी (जबड्याचा थ्री-डी स्कॅन). सगळं स्वच्छ. चौथ्या ठिकाणी ऐकलं, "मॅडम, काही नाहीये, मन रमवा." अहो, मी पतसंस्थेत दिवसभर दुसऱ्यांचे आकडे जुळवते, मन आणखी किती रमवू?

आता एका डॉक्टरांनी "हे दाताचं नाही, नसेचं दिसतंय" म्हणून न्यूरोलॉजिस्टच्या नावाने चिठ्ठी दिलीय. नंबर तीन आठवड्यांनी. माझा बाळबोध प्रश्न असा, की रूट कॅनालमध्ये नसच काढून टाकतात ना? मग काढलेल्या नसेचं दुखणं कसं? आणि कुणाला असा अनुभव आहे का?

अर्धवटराव

लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवा. आमच्या आजीने ९० वर्षं काढली त्यावर. (हलकेच घ्या.)

शेवंती

ठेवला हो. हिरडी भाजून निघाली, ठुसठुस जिथल्या तिथे.

अर्धवटराव

सॉरी ताई. आता गंमत नाही करत, वाचतोय.

दंतकथा (कोल्हापूर)

शेवंतीताई, मी डेंटल कॉलेजात ओरल मेडिसिन (तोंडाचे आजार) शिकवते, म्हणून उत्तर देते. इथे बसून निदान करणार नाही, पण तुमचा प्रश्न बाळबोध मुळीच नाही. दर आठवड्याला ओपीडीत कुणीतरी तो विचारतं.

घोळ आमच्याच तोंडच्या शब्दांनी केलाय. "नस काढली" असं आम्ही सरसकट म्हणतो. प्रत्यक्षात काढतो तो दाताच्या पोटातला मऊ गाभा. त्यात रक्तवाहिन्या असतात आणि चेतातंतूंच्या अगदी टोकाच्या काड्या. झाडाची डहाळी खुडली म्हणून फांदी जात नाही. ती फांदी जबड्याच्या हाडातून, तिथून कवटीच्या तळाशी असलेल्या गाठीपर्यंत आणि पुढे मेंदूच्या देठापर्यंत तशीच असते. तिचं नाव ट्रायजेमिनल, मेंदूतून निघणारी पाचवी नस. तिच्या तीन शाखा. एक कपाळ-डोळ्याकडे, दुसरी गाल आणि वरच्या दातांकडे, तिसरी खालच्या जबड्याकडे. जिभेच्या पुढच्या दोन तृतीयांश भागातला स्पर्श, तिखटाचा चटका, पोळणं हेही तिसऱ्या शाखेचंच काम.

म्हणजे प्रत्येक रूट कॅनाल आणि प्रत्येक काढलेली दाढ ही खरं तर एका बारीक नसेची कापणी असते. बहुतेक सगळ्यांची ती मुकाट्याने भरून येते. थोड्या लोकांत तुटलेलं टोक शांत होत नाही, विनाकारण संदेश पाठवत राहतं, आणि काही काळाने वरच्या केंद्रालाच ते ऐकायची सवय लागते. पाय कापलेल्या माणसाला नसलेला अंगठा दुखतो, हे तुम्ही ऐकलं असेल. दाताचंही तसंच होतं. जुन्या पुस्तकांत याला फँटम टूथ पेन किंवा अटिपिकल ओडोंटाल्जिया म्हणत. २०२० साली चेहरा आणि तोंडाच्या दुखण्यांचं पहिलं आंतरराष्ट्रीय वर्गीकरण आलं, त्यात हिरडी-दाताच्या जागी रोज दोन तासांहून जास्त आणि तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेलं, तपासणीत कारण न सापडणारं असं दुखणं स्वतंत्र नावाने नोंदलंय. तेव्हा घरच्यांना सांगा, नसलेली दाढ दुखते आणि तिला वर्गीकरणात जागा आहे.

आता तुमच्या लिहिण्यातलं मला सगळ्यात मोलाचं काय वाटलं सांगू? "ठणका नाही, ठुसठुस." हे वाक्य तुम्ही चारही डॉक्टरांपुढे म्हटलं होतंत का?

शेवंती

नाही बहुतेक. "अजून दुखतंय" एवढंच म्हणत होते. त्यांनी एक ते दहा आकडा विचारला, मी सहा म्हटलं.

दंतकथा (कोल्हापूर)

तिथेच गाडी चुकते. सहाचा ठणका आणि सहाची ठुसठुस यांचे रस्ते वेगळे. आपल्याकडे दुखण्याला इतके शब्द आहेत आणि ओपीडीत आलं की माणूस "पेन आहे" म्हणतो! मी विद्यार्थ्यांना आधी पेशंटचा शब्द जसाच्या तसा मराठीत लिहायला लावते.

ठणका म्हणजे नाडीबरोबर उसळणारं, बहुधा पू किंवा सुजलेला गाभा. तिथे दाताचाच डॉक्टर हवा. कळ किंवा चमक, "करंट बसला" असं म्हणत माणूस गालाजवळ हात नेतो पण टेकवत नाही, तेव्हा माझे कान टवकारतात. आग, चरचर, "गरम चहाने पोळल्यासारखं" हे जिभेबाबत आलं की तिसरीच दिशा. बधिर, मुंग्या, झिणझिण्या म्हणजे नसेला कुठेतरी प्रत्यक्ष धक्का. तुमची ती ठुसठुस, सल, "आतून ओढल्यासारखं" हे वर सांगितलेल्या गटात बसतं. आणि सकाळी उठल्यावर जबडा आंबलेला, कानापुढे दुखरं, चावताना वाढणारं असेल तर नस सोडा, आधी चावण्याचे स्नायू बघा. गालावरचा मोठा स्नायू आखडला की त्याचं दुखणं थेट दाढेत उमटतं. असे कितीतरी निरोगी दात रूट कॅनाल होऊन बसलेत.

शब्द म्हणजे निदान नव्हे, हे मान्य. पण कुठलं दार आधी ठोठवायचं ते त्यावरून कळतं.

नाना_सातारकर

करंट शब्द वाचला आणि राहवलं नाही. वय ६६, एसटीत कंडक्टर होतो, आता निवृत्त. पाच वर्षांपूर्वी थंडीच्या दिवसांत दारात उभा होतो, गार वारा उजव्या गालाला लागला आणि नाकपुडीपासून वरच्या सुळ्यापर्यंत अशी वीज गेली की खांब धरला. पाच सेकंद, फार तर दहा. नंतर जणू काही झालंच नाही. मी म्हटलं दात. डॉक्टर म्हणाले दात. दोन काढले. कळ तशीच, आणि चावायला मात्र दोन दात कमी.

दुखण्यापेक्षा वाईट काय, तर त्याची भीती. दाढी अर्धीच करायचो, डाव्या गालाची. उजवीकडे पांढरं जंगल. नातीने गालाला हात लावायचा हट्ट केला की मी चक्क पळायचो. दात घासणं बंद, चूळ भरताना मान वाकडी करून पाणी डावीकडे फिरवायचो. बोलताना ओठ न हलवता बोलायला शिकलो. बायको म्हणे तुम्ही शब्दभ्रमकार झालात. वजन नऊ किलो उतरलं, कारण घास घेतला की कळ.

शेवटी पुण्याला एका न्यूरोलॉजिस्टने दोन मिनिटांत सांगितलं, ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. त्यांनी तोंडात डोकावून पाहिलंसुद्धा नाही. फक्त विचारलं, "दाढी कशी करता?" कार्बामाझेपिन नावाची गोळी सुरू केली. तिसऱ्या दिवशी मी दोन्ही गालांची दाढी केली. आरशापुढे रडलो, लाज कसली.

दंतकथा (कोल्हापूर)

नाना, "दाढी कशी करता" हा प्रश्न मी उद्याच वर्गात सांगणार.

बाकीच्यांसाठी थोडं. हे दुखणं बहुधा एकाच बाजूला, सेकंदांपासून फार तर दोन मिनिटं, आणि वारा, स्पर्श, घास, दात घासणं अशा क्षुल्लक गोष्टीने उठतं. पन्नाशीनंतर जास्त, बायकांत जास्त. कारण पुष्कळदा अगदी नळजोडणीसारखं असतं. नस मेंदूच्या देठात शिरते तिथे एखादी धमनी तिच्यावर टेकते, ठोक्यागणिक घासते आणि नसेचं आवरण झिजतं. वायरचं प्लास्टिक गेलं की शॉर्ट होतं, तसंच. थोड्या जणांत मात्र तिथे गाठ असते किंवा मल्टिपल स्क्लेरोसिस (नसांचं आवरणच खराब करणारा आजार). म्हणून एमआरआय एकदा करायचाच, तोही नस नीट दिसेल अशा खास पद्धतीने. चाळिशीच्या आतल्या माणसाला झालं किंवा दोन्ही बाजूंना झालं तर मुळीच टाळायचा नाही.

अवांतर: ही फसगत जुनी आहे. तत्त्वज्ञ म्हणून माहीत असलेला जॉन लॉक डॉक्टरही होता. १६७७ मध्ये पॅरिसमध्ये इंग्लंडच्या राजदूताच्या पत्नीला त्याने असल्याच कळा येताना पाहिल्या. तोपर्यंत तिचेही दात काढून झाले होते. तिने त्या कळेला अंगात शिरणाऱ्या आगीच्या झोताची उपमा दिली होती. साडेतीनशे वर्षांत पक्कड तेवढी सुधारली.

कुतूहल

नाना, ती गोळी कायमची का? माझ्या मामांना दिलीय आणि ते दिवसभर झिंगल्यासारखे असतात.

नाना_सातारकर

सुरुवातीला मलाही अंगणात झोकांड्या जायच्या. पहिली दोन वर्षं बरी गेली. मग डोस वाढवत न्यावा लागला आणि एक दिवस भाजी आणायला गेलो तो घरचा रस्ताच विसरलो. रक्तातलं सोडियम एकदम खाली गेलं होतं. बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध होतं, त्याने आणखी भर. तेव्हा मामांचं सोडियम तपासून घ्या. आणि गोळी स्वतःच्या मनाने एकदम तोडू नका.

नंतर मी ऑपरेशन केलं. कानामागून लहानसं भोक पाडून आत जातात आणि धमनी नि नस यांच्यामध्ये टेफ्लॉनचा बारका कापूस ठेवतात. तव्याला असतं तेच टेफ्लॉन! शुद्धीवर आलो आणि पहिल्यांदा गालावरून हात फिरवला. काही नाही. तीन वर्षं होत आली. ऐकू येणं त्या कानाने थोडं कमी झालंय, ते सांगायलाच हवं.

दंतकथा (कोल्हापूर)

कार्बामाझेपिनबद्दल एकच जोडते. पहिल्या काही आठवड्यांत अंगावर पुरळ, तोंडात फोड किंवा ताप आला तर "उष्णता झाली" म्हणत घरी बसायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर. क्वचित होणारी पण जिवावर बेतणारी रिॲक्शन असते ती. काही जणांच्या जनुकांत तिचा धोका जास्त असतो आणि त्यात आशियाई लोक येतात. म्हणून कित्येक न्यूरोलॉजिस्ट आधी रक्ताची एक चाचणी करून घेतात. ऑपरेशननंतर १० वर्षांनीही सुमारे ७० टक्के लोक कळांपासून मुक्त असतात, असं मोठ्या अभ्यासात दिसलंय. ज्यांना भूल झेपणार नाही त्यांच्यासाठी सुई घालून नस तापवणं, फुग्याने दाबणं, गॅमा नाइफ (बाहेरून किरणांचा मारा) असे मार्ग आहेत, पण त्यात गाल थोडाफार बधिर होऊ शकतो.

कढीलिंब (ठाणे)

माझी कथा "आग" खात्यातली. वय ५४, पाळी जाऊन तीन वर्षं. जिभेचं टोक आणि खालच्या ओठाची आतली बाजू, सतत पोळल्यासारखी. दिसायला जीभ अगदी स्वच्छ! सकाळी बरी, दुपारनंतर चढत जाते, रात्री आठला कळस. आणि गंमत म्हणजे खाताना शांत. त्यामुळे घरी कुणी विश्वास ठेवेना, "जेवताना बरी असते हिची जीभ" म्हणे. शिवाय तोंडात सतत तांब्याची चव, गडूतलं शिळं पाणी प्यायल्यासारखी.

दोन वर्षं मी काय काय सोडलं! तिखट, आंबट, चहा, टोमॅटो, शेवटी लाल तिखटाचा डबाच सुनेकडे दिला. पिवळं पिठलं नि मऊ भात. माणूस सणाला भाजीत मीठ तेवढं आहे का विचारतो, तशी मी झाले.

तपासण्यांत बी-१२ बरंच कमी निघालं, आम्ही शाकाहारी. इंजेक्शनं घेतली, पायांच्या मुंग्या गेल्या, जिभेची आग अर्ध्यावर आली. उरलेली अर्धी हटेना. मग एका ओरल मेडिसिनवाल्या बाईंनी बर्निंग माउथ सिंड्रोम असं नाव सांगितलं. क्लोनाझेपामची गोळी गिळायची नाही, जिभेवर तीन मिनिटं चघळत ठेवायची आणि थुंकून टाकायची. मला वाटलं हा काय प्रकार! पण महिन्याभरात आग निम्म्याहून खाली. गेली नाही. रविवारी मात्र झणझणीत नाही, तरी बऱ्यापैकी रंगाची आमटी करते.

संशयात्मा

रागावू नका, पण क्लोनाझेपाम ही झोपेची-चिंतेची गोळी, आणि वरच्या ताईंनाही शेवटी डिप्रेशनचंच औषध देतील. म्हणजे "मनाचं आहे" म्हणणारे फार चुकले का?

कढीलिंब (ठाणे)

थुंकून टाकलेली गोळी मनापर्यंत कशी पोचते, तेवढं समजावा.

दंतकथा (कोल्हापूर)

😀 कढीलिंबताईंनी अर्धं उत्तर दिलं. थोडं औषध तोंडातून रक्तात जातंच, पण मुख्य काम जिभेतल्या नसांवर जागच्या जागी होतं असा अंदाज आहे. २००५ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी असल्या पेशंटच्या जिभेचा कणभर तुकडा काढून पाहिला, तेव्हा वरच्या थरातले अगदी बारीक चेतातंतू निरोगी माणसांपेक्षा कमी आणि खराब झालेले दिसले. डोळ्याला जीभ स्वच्छ, सूक्ष्मदर्शकाला नाही.

डिप्रेशनचं औषध म्हणतात त्या अमिट्रिप्टिलीनचंही तेच. नैराश्यासाठी ७५, १०० किंवा त्याहून जास्त मिलिग्रॅम लागतं. नसेच्या दुखण्यात रात्री १० पासून सुरुवात करतात आणि पुष्कळांचं काम २५-३० मध्ये भागतं. मेंदूकडून खाली येणारी, दुखणं दाबणारी जी वाट आहे तिला ते बळ देतं. काचबिंदू, प्रोस्टेट, हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असेल तर आधी सांगायचं. मनाचा संबंध नाहीच असं मी म्हणत नाही. १४ महिने दाढेत कुसळ घेऊन जगणाऱ्याचं मन ठिकाणावर राहील का? पण क्रम उलटा लावू नये.

हो, आणि "आग" म्हटलं की लगेच नस धरून बसू नका. बुरशी, लोह नि बी-१२ ची कमतरता, मधुमेह, थायरॉइड, कोरडं तोंड, नवी कवळी, बीपीच्या काही गोळ्या (नावाच्या शेवटी 'प्रिल' असणाऱ्या) ही सगळी आधी तपासायची. त्यातून काही निघालं नाही तरच ते नाव द्यायचं.

रानवारा

माझ्या वडिलांचीही तोंडाची आग होते, तिखट अजिबात चालत नाही. वय ५८. जीभ कडक झालीय म्हणतात. नसेचं असेल का?

दंतकथा (कोल्हापूर)

सुपारी, गुटखा, मावा? आणि तोंड किती उघडतं? तीन बोटं उभी जातात का?

रानवारा

गुटखा होता २० वर्षं. आता फक्त सुपारी. दोन बोटं कशीबशी जातात.

दंतकथा (कोल्हापूर)

मग ही नस नव्हे, बहुधा सबम्युकस फायब्रोसिस आहे. सुपारीने गालाच्या आतलं अस्तर दोरखंडासारखं आवळत जातं. यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो. "आता फक्त सुपारी" हे वाक्य घरातून काढून टाका, मुळात दोषी सुपारीच आहे. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण टपरीवर काय मिळतं ते तुम्हीही जाणता. या आठवड्यात जवळच्या डेंटल कॉलेजात न्या. सरकारीही आहेत, मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर. केसपेपर काढून ओरल मेडिसिन विभाग विचारा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, गळ्याला गाठ, किंवा दाताचं काहीही न करता हनुवटी बधिर होणं, यातलं एक जरी असेल तर उद्याच.

रानवारा

उद्या नेतो.

मालवणी_मेवा

आमच्या आतेचा वेगळाच. गिळताना घशात उजवीकडे, जिभेच्या मुळाशी सुरी फिरवल्यासारखी कळ आणि ती थेट कानात. गार पाणी, जांभई, खोकला. कानाचे डॉक्टर झाले, घशाचे झाले. एकदा आवंढा गिळताना कळ आली आणि बाई जाग्यावर बेशुद्ध! घरात सगळ्यांनी "लागीर" ठरवलंन, गाऱ्हाणा घालून झाला. मग गोव्याला, बांबोळीच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात नेली. तिथे कळलं की ही नववी नस. ती पेटली की शेजारच्या दहावीलाही धक्का बसतो आणि हृदयाचे ठोके मंदावतात. त्याने चक्कर. गळ्यातलं एक हाड लांब वाढून टोचत नाही ना, तेही स्कॅनमध्ये पाहिलंनी. गोळ्यांवर आता बरी आहे. गाऱ्हाण्याचा नारळ कामी आला असं ती म्हणते, आम्ही वाद घालत नाही.

प्रथमेश_डोंबिवली

मी "बधिर" खात्यातला. खालची अक्कलदाढ आडवी होती, काढली. भूल उतरलीच नाही. दुसऱ्या दिवशी ओठ-हनुवटी बधिर, चहा ओघळून शर्टवर पडेपर्यंत कळायचं नाही. डॉक्टर म्हणाले होईल बरं. सात महिन्यांनी बरंच परत आलं, रुपयाएवढा भाग राहिलाय. तिथे बोट लावलं की हनुवटीला मुंग्या चावतात. काढण्याआधी मुळं नसेला टेकलीत हे कुणी सांगितलं असतं तर निदान तयारीने गेलो असतो, एवढीच तक्रार. इम्प्लांट (हाडात स्क्रू बसवून त्यावर दात) करून घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा, भूल उतरल्यावरही ओठ बधिर असेल तर त्याच दिवशी फोन करा. स्क्रू नसेवर असला तर पहिल्या एक-दोन दिवसांत काढण्याला अर्थ असतो. मला हे नंतर कळलं, माझं इम्प्लांट नव्हतं म्हणून वाचलो.

वाचनमात्र

धाग्याची वाचनखूण साठवली. आईला वाचून दाखवला, ती म्हणते तिची "ओढ" आहे. आता ओढ कुठल्या खात्यात?

शेवंती

(तीन आठवड्यांनंतर)

आले नंबर लावून. दंतकथाताईंचं ऐकून मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, दुधाच्या लिटरखाली, रोजचा शब्द लिहीत गेले. "ठुसठुस ६. फोनवर बोलताना विसरले." "सल ५. गरम सूप, काही नाही." "ठुसठुस ७, मार्चएंडसारखं काम." २१ दिवसांत ठणका एकदाही नाही, वीज एकदाही नाही. ते पानच फाडून नेलं. दूधवाल्याचा हिशोब बुडाला.

न्यूरोलॉजिस्टनी ते पान खरंच वाचलं. मग कापसाची वात करून उजवीकडच्या हिरडीवर फिरवली, मग डावीकडे, काढलेल्या दाढेच्या जागी. उजवीकडे कापूस. डावीकडे तोच कापूस टोचला! मी म्हटलं, "यात काडी आहे का?" त्यांनी वात माझ्या हातात दिली. नव्हती. चौदा महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी मला ते दुखणं बाहेरून दाखवलं. घरी येताना रिक्षात मी त्या कापसाच्या वातीचाच विचार करत होते.

एमआरआय झाला, नसेवर कसला दाब नाही, गाठ नाही. हिरडीत भुलीचं इंजेक्शन देऊन पाहिलं, दुखणं बरंच उतरलं पण पूर्ण नाही. म्हणाले, थोडं जागेवर आहे, थोडं वर जाऊन बसलंय. रात्री अमिट्रिप्टिलीन १०, आणि हिरडीवर लावायला बधिर करणारं जेल. शेजारच्या दाढेला हात लावायचा नाही असं चिठ्ठीवरच लिहून दिलंय. मागच्या डॉक्टरांनी ती काढायला "नको" म्हटलं होतं, त्यांना फोन करून थँक्यू म्हणाले.

दंतकथा (कोल्हापूर)

उत्तम! गोळीने तोंड सुकेल, सकाळी जड वाटेल. रात्री जरा लवकर घ्या. चार-सहा आठवडे दम धरा, पहिल्या आठवड्यात "काही फरक नाही" म्हणून सोडू नका. वाचनमात्र, आईंना विचारा ओढ चावताना वाढते का.

वाचनमात्र

चावतानाच. आणि सकाळी.

दंतकथा (कोल्हापूर)

मग आधी जबड्याचा सांधा नि स्नायू दाखवा. पण वय पन्नाशीपुढे आहे का? डोकं दुखतं, कानशिलाला हात लावला की दुखरं, नजर अंधुक होते, यातलं काही? असेल तर थांबू नका. कानशिलाच्या धमनीला सूज असू शकते आणि त्यात दृष्टी जाते.

वाचनमात्र

वय ५७, पण बाकी तसलं काही नाही. रात्री दात खाते असं बाबा म्हणतात.

नाना_सातारकर

शेवंतीताई, संक्रांत आली. काय प्रगती? गुळाची पोळी चावतेय का?

शेवंती

नाना, पोळी खाल्ली. एक उजवीकडून, दुसरीचे दोन घास मुद्दाम डावीकडून. तीळ हिरडीत गेला तेव्हा धस्स झालं, पण नुसता तीळच होता. गोळी आता २० वर आहे, सकाळी पेंगते, साहेबांना एक बेरीज चुकवून दाखवली. आजची कॅलेंडरवरची नोंद: दूध दीड लिटर, ठुसठुस ३.